गाठीचा मुलूख

दवाखान्यात तपासताना डॉक्टर जबड्याखाली, कानामागे, मानेच्या दोन्ही अंगांना, काखेत आणि जांघेत बोटं फिरवतात. पेशंटला वाटतं, अंगात ताप आहे का ते बघताहेत. खरं तर ती बोटं लसीका ग्रंथी शोधत असतात. निरोगी माणसात त्या सहसा हाताला लागत नाहीत; लागल्याच तर वाटाण्याएवढ्या, मऊ आणि बोटाखालून सरकणाऱ्या. सुजल्या की मात्र घरभर चर्चा होते, आणि ती बहुतेक वेळा एकाच शब्दाभोवती फिरते: गाठ.

हे पुस्तक त्या गाठीबद्दल आहे, आणि ती गाठ ज्या मोठ्या व्यवस्थेचा भाग आहे त्या लसीका संस्थेबद्दल आहे. रक्ताभिसरण आपण शाळेत शिकतो. हृदयाचे चार कप्पे पुष्कळांना म्हातारपणीही आठवतात. लसीका संस्थेच्या वाट्याला पाठ्यपुस्तकात जेमतेम एखादा परिच्छेद येतो. एवढी मोठी संस्था अशी दुर्लक्षित राहिली, त्याची किंमत माणसं रोज मोजतात. कुणी साध्या गाठीला भिऊन रात्र रात्र झोपत नाही, तर कुणी घातक गाठीवर महिनोन्‌महिने लेप लावत बसतो. दोन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात. या पुस्तकाच्या लेखिका शरीररचनाशास्त्र शिकवतात. त्यांनी मराठीत, शिवारातल्या माणसालाही कळेल अशा भाषेत हा विषय मांडला, म्हणून ही प्रस्तावना मी आनंदाने लिहितो आहे.

आमच्या जळोची, बारामती, इंदापूर पट्ट्यातल्या वाचकाला ही संस्था समजावून द्यायला लांब जावं लागत नाही. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला आणि दुष्काळी माळाला पाणी मिळालं. ऊस उभा राहिला. पण काळ्या, भारी जमिनीला पाणी देण्याची सोय झाली, तशी जास्तीचं पाणी काढून नेण्याची झाली नाही. खालची पाण्याची पातळी वर आली, क्षार वर आले, आणि चांगल्या जमिनी पाणथळ, चोपण झाल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मान यांनी ताम्हणे यांच्यासोबत १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींवर अहवाल लिहिला. त्यानंतर चर खोदून निचरा करण्याचे प्रयोग या भागात झाले. जमिनीला जितकी पाण्याची गरज, तितकीच निचऱ्याची, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. शरीराचंही तसंच आहे. हृदय आणि रोहिण्या पाणी देतात. निचरा लसीका वाहिन्या करतात.

हा निचरा किती मोठा असतो ते आकड्यांत पाहू. सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांच्या, म्हणजे केशिकांच्या भिंतींतून रक्तातला द्रव सतत बाहेर झिरपत असतो. त्याच्यासोबत पेशींना प्राणवायू आणि अन्न मिळतं. या द्रवातला रोज साधारण तीन लिटर भाग लसीका वाहिन्यांतून रक्तात परत येतो. मोठ्या माणसाच्या अंगातला एकूण रक्तद्रवही तीन लिटरच्या आसपासच असतो. म्हणजे हा परतीचा मार्ग एक दिवस पूर्ण थांबला, तर रक्तातला द्रव संपत येईल आणि अंग सुजून जाईल. द्रवासोबत बाहेर पडलेली प्रथिनंही याच वाटेने परत येतात. प्रथिनांचे मोठे रेणू केशिकांत थेट परत शिरू शकत नाहीत. त्यांना लसीका हीच वाट आहे.

लसीका केशिका एका टोकाला बंद असतात. त्यांच्या भिंतीच्या पेशी एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. बाहेर द्रव साचून दाब वाढला की त्या फटीतून द्रव आत शिरतो, आणि आतला दाब वाढला की फट मिटते. पेशी बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतीला बांधलेल्या असतात. ऊती सुजली की ते तंतू ताणले जातात आणि फट उलट जास्त उघडते. सूज जितकी जास्त, तितका निचरा जास्त, अशी ही रचना आहे.

पुढे या केशिका मिळून वाहिन्या होतात. त्यांच्यात थोड्या थोड्या अंतरावर झडपा असतात, म्हणून लसीका मागे फिरत नाही. तिला ढकलायला हृदय नाही. वाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू झडपेगणिक आकुंचन पावतात, शेजारची रोहिणी धडधडते, श्वासाबरोबर छातीतला दाब बदलतो, आणि चालताना पोटरीचे स्नायू वाहिन्या पिळतात. म्हणून एसटीने रात्रभर बसून प्रवास केला की पाय जड होतात आणि उतरून चार पावलं टाकली की हलके वाटतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे हातपाय हलवत राहायला सांगतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सगळ्या वाहिन्या शेवटी दोन ठिकाणी रक्तात उघडतात. डोक्याची व मानेची उजवी बाजू, उजवा हात आणि छातीचा उजवा भाग यांची लसीका उजव्या बाजूने गळ्याच्या तळाशी शिरेत जाते. उरलेल्या सगळ्या शरीराची, म्हणजे दोन्ही पायांची, पोटाची, डाव्या हाताची आणि डाव्या बाजूची लसीका वक्षवाहिनीतून डाव्या बाजूला जाते. ही वक्षवाहिनी पोटात, कण्याच्या पुढे सुरू होते आणि छातीतून वर चढते. तिची लांबी चाळीस सेंटिमीटरच्या आसपास, जाडी मात्र काही मिलीमीटर. विच्छेदनाच्या टेबलावर ती सापडणं ही विद्यार्थ्याची परीक्षाच असते. फुप्फुस बाजूला करायचं, अन्ननलिका हळूच उचलायची, मग महारोहिणी आणि तिच्या उजवीकडची शीर यांच्यामधल्या चरबीत बोथट चिमट्याने शोधायचं. ती फिकट, पातळ आणि जागोजाग किंचित फुगलेली दिसते. चिमटा जरा जोरात लागला की तुटते. बारामतीत २०१९ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेव्हापासून या भागातल्या मुलामुलींना ही वाहिनी स्वतःच्या हाताने शोधायची संधी घराजवळ मिळाली, ही मला मोठी गोष्ट वाटते.

या वाहिन्या माणसाला दिसल्या त्याला आता चारशे वर्षं होऊन गेली. २३ जुलै १६२२ रोजी इटलीतल्या गास्पारे आसेल्ली यांनी नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं, तेव्हा आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं दिसलं. एक रेघ कापली, तर दुधासारखा द्रव बाहेर आला. तो होता चरबीने भरलेला लसीका द्रव. साखर आणि प्रथिनं आतड्यातून थेट यकृताकडच्या रक्तात जातात. तूप, तेल, सायीतली बहुतेक चरबी मात्र लसीकेत शिरते आणि वक्षवाहिनीतून गळ्याशी रक्तात मिसळते. आसेल्लींचा कुत्रा उपाशी असता, तर त्या रेघा दिसल्याच नसत्या. १६५१ मध्ये फ्रान्सच्या झां पेके यांनी वक्षवाहिनीचा मार्ग प्रसिद्ध केला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत स्वीडनचे ओलॉस रुडबेक आणि डेन्मार्कचे थॉमस बार्थोलिन यांनी ही संस्था सगळ्या शरीरभर असल्याचं दाखवलं.

आता ग्रंथींकडे येऊ. माणसाच्या शरीरात पाचशेहून जास्त लसीका ग्रंथी असतात. मटण घेताना बकऱ्याच्या खांद्याच्या पुढच्या चरबीत दडलेली करड्या-तपकिरी रंगाची टणक गाठ अनेकांनी पाहिली असेल. ती धुऊन धारदार सुरीने उभी कापावी. बाहेर एक पातळ आवरण दिसतं, त्याखाली घट्ट पट्टा आणि मध्यभागी जरा सैल, गडद भाग. एका कडेला खोबण दिसते. तिथून रक्तवाहिन्या आत जातात आणि लसीका बाहेर पडते. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज करता येतं आणि पुस्तकातली आकृती एकदम जिवंत होते.

लसीका ग्रंथीत शिरते ती आवरणाखालच्या पोकळीत. तिथे भक्षक पेशी जंतू, मेलेल्या पेशींचे तुकडे, धूळ पकडतात. बाहेरच्या पट्ट्यात बी पेशींचे गोलाकार पुंजके असतात. त्याच्या आत टी पेशींचा भाग. जखमेतून जंतूचा अंश घेऊन आलेल्या पेशी टी पेशींना तो दाखवतात. लाखो टी पेशींतल्या एखादीलाच तो ओळखीचा वाटतो. ती वाढू लागते, तिच्यासारख्या हजारो होतात, बी पेशींना जाग येते, आणि काही दिवसांत त्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात जातात. गाठ सुजते ती यामुळे. सुजलेली गाठ म्हणजे बऱ्याच वेळा तिचं काम जोरात चालल्याची खूण असते.

या पुस्तकाचा गाभा माझ्या मते याच्या पुढच्या गोष्टीत आहे: प्रत्येक गाठीचा एक ठरलेला मुलूख असतो. त्या मुलखातली सगळी लसीका आधी तिच्याकडे येते. त्यामुळे कुठली गाठ सुजली हे कळलं, की कुठे शोधायचं ते कळतं. ऊसतोडीच्या हंगामात माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती कारखान्यांच्या फडांत कामाला आलेल्या माणसाच्या तळव्याला उसाचा बुडखा लागतो. दोन दिवसांनी तो जांघेतल्या गाठीची तक्रार घेऊन येतो. पायातली जखम त्याच्या लक्षातही नसते. तळवा उलटा करून पाहिला, की चिखलाने भरलेली छोटी भेग सापडते. कधी कधी त्या भेगेपासून पोटरीवरून मांडीपर्यंत एक लालसर रेघ चढलेली दिसते. ती सुजलेली लसीका वाहिनीच असते. जंतू ज्या वाटेने वर गेले, ती वाट कातडीवर उमटते. अशा रेघेसोबत थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. फक्त जांघेला शेक देऊन भागत नाही. जखम साफ झाली पाहिजे आणि प्रतिजैविक सुरू झालं पाहिजे.

मुलाच्या डोक्यात उवा किंवा खरूज असली की मानेच्या मागे गाठी येतात. दात किडला की जबड्याखाली. बाळाला बीसीजीची लस डाव्या दंडावर देतात, म्हणून क्वचित डाव्या काखेत गाठ येते. ती बहुतेक वेळा आपोआप बसते, पण मोठी झाली किंवा फुटू लागली तर दाखवावी. कोविडची लस घेतल्यावर त्याच बाजूच्या काखेत गाठ जाणवल्याचं अनेकांना आठवत असेल. सगळी उदाहरणं एकाच नियमाची.

मुलूख नेहमी जवळचाच असतो असं नाही, आणि इथेच हे ज्ञान जीव वाचवतं. पोटातल्या कर्करोगाची गाठ कधी कधी डाव्या हंसळीच्या वर दिसते, कारण पोटाची लसीका वक्षवाहिनीतून तिथे येते. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी १८४८ मध्ये हे नोंदवलं, आणि ती गाठ आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. हंसळीच्या वरची गाठ, विशेषतः डावीकडची, कधीही साधी समजू नये. वृषणाची लसीका जांघेत न जाता थेट पोटात, मूत्रपिंडांच्या उंचीवरच्या ग्रंथींकडे जाते, कारण गर्भात वृषण तिथेच तयार होतं आणि खाली उतरताना आपल्या वाहिन्या सोबत आणतं. वृषणावर गाठ असून जांघ मोकळी आहे, म्हणून निर्धास्त राहणाऱ्या तरुणाने हे वाचलं पाहिजे.

ग्रंथींत काम करणाऱ्या पेशी जन्मतात मात्र दुसरीकडे. सगळ्या रक्तपेशींप्रमाणे त्याही अस्थिमज्जेत तयार होतात. बी पेशी तिथेच पक्व होतात. टी पेशी छातीच्या मधल्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत जातात. मराठी ग्रंथांत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात, कारण पौगंडावस्थेनंतर ती आक्रसते आणि तिची जागा चरबी घेते. तिचं काम काय, हे १९६१ मध्ये जॅक मिलर यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं: जन्मतः थायमस काढलेले उंदीर साध्या संसर्गानेही मरत. थायमसमध्ये टी पेशींची कठोर निवड होते. शरीराच्या स्वतःच्या पेशींवर उठणाऱ्या आणि निरुपयोगी टी पेशी तिथेच मरतात. बाहेर पडतात त्या शंभरांत फार थोड्या. मूल वाढतं तेव्हा त्याच्या छातीत ही निवड रात्रंदिवस चालू असते.

प्लीहा, म्हणजे पाणथरी, डावीकडे नवव्या ते अकराव्या बरगडीआड, मुठीएवढी असते. लसीका ग्रंथी लसीका तपासते, तशी प्लीहा रक्त तपासते. तिचा लाल गर म्हाताऱ्या, मोडलेल्या तांबड्या पेशी काढून टाकतो. पांढरा गर लसीका ऊतींचा असतो आणि रक्तातले जंतू ओळखतो. हिवतापात ती फुगते, म्हणून मलेरियाच्या सर्वेक्षणात गावातल्या लहान मुलांची प्लीहा हाताने तपासण्याची पद्धत होती. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल आजाराच्या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होऊ शकते. न्यूमोनियाचे जंतू त्यांना लवकर गाठतात. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलच्या अपघातात प्लीहा फाटून काढावी लागली, तर माणूस जगतो, पण त्याला न्यूमोकोकससारख्या जंतूंविरुद्धच्या लसी द्याव्याच लागतात, आणि ताप आला की वाट बघायची नसते.

आपल्या शरीरातली बरीच लसीका ऊती अवयवांच्या आकारात नसते. ती नाक, घसा, फुप्फुस आणि आतड्याच्या अस्तरात पसरलेली असते. टॉन्सिल हा तिचा सर्वांना माहीत असलेला भाग. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात तिचे सपाट पट्टे असतात. विषमज्वराचे जंतू याच पट्ट्यांत शिरून वाढतात. उपचार झाले नाहीत तर तिसऱ्या आठवड्यात तिथे व्रण पडून आतडं फाटू शकतं. म्हणून विषमज्वरात ताप उतरू लागल्यावरही काळजी सोडायची नसते. पोलिओचे दोन थेंब तोंडावाटे दिले जातात, तेव्हा तेही आतड्यातल्या याच ऊतीला शिकवतात. आणि स्तनपान करणाऱ्या आईच्या आतड्यात जागी झालेल्या पेशी स्तनांत पोचून प्रतिद्रव्यं बनवतात. ज्या घरात बाळ राहतं, त्याच घरातल्या जंतूंविरुद्धचं संरक्षण त्याला दुधातून मिळतं. आईच्या दुधाची ही गोष्ट मला लसीका संस्थेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

महाराष्ट्राच्या इतिहासात या ग्रंथी एकदा फार भयंकर रूपात समोर आल्या. १८९६ मध्ये मुंबईत गाठीचा प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पसरला. उंदरावरची पिसू माणसाला चावते, जंतू कातडीखाली सोडते, लसीकेतून तो जवळच्या ग्रंथीत पोचतो आणि ती कोंबडीच्या अंड्याएवढी सुजते. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून बऱ्याच गाठी जांघेत येत. १८९७ मध्ये प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्या अधिकाराखाली गोरे सैनिक पुण्यात घरोघर शिरून माणसांच्या काखा, जांघा तपासत. बायकांचीही रस्त्यावर तपासणी झाली. रोग ओळखण्याची खूण बरोबर होती. माणसाची अब्रू न राखता ती शोधली गेली, त्याने पुणे पेटून उठलं आणि त्याच वर्षी २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत होत्या. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. अंगाला हात लावताना परवानगी घेणं आणि आडोसा करणं हा वैद्यकाचाच भाग आहे, हे त्या वर्षाने महाराष्ट्राला शिकवलं. आजही गाठ तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने ते लक्षात ठेवावं.

आज आपल्याकडे मानेच्या जुनाट गाठीचं एक मोठं कारण क्षयरोग आहे. जुन्या लोकांना ती गंडमाळ म्हणून माहीत आहे. खोकला नसतो, थुंकीत जंतू सापडत नाहीत, म्हणून क्षयाची शंका उशिरा येते. बारीक सुईने गाठीतला अंश काढून तपासला की निदान होतं, आणि सरकारी दवाखान्यात सहसा सहा महिन्यांचं औषध मोफत मिळतं. औषध चालू असताना गाठ मध्येच थोडी वाढू शकते. त्यामुळे घाबरून औषध सोडणारे पेशंट पुष्कळ असतात. त्यांनी औषध बंद न करता डॉक्टरांना दाखवावं.

दुसरं कारण आपल्या मातीत तंबाखूने रुजवलं आहे. मिश्री, मावा, गुटखा यांतून तोंडाचा कर्करोग होतो आणि तो पहिल्यांदा पसरतो मानेच्या ग्रंथींत. मानेत गाठ हाताला लागत नसताना, तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच त्या ग्रंथी काढाव्यात की वाट पाहावी, यावर जगभर वाद होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासाने तो मिटवला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ग्रंथी लगेच काढलेल्या गटात तीन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८० टक्के होतं, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. ग्रंथीचा मुलूख ठाऊक असल्याने किती माणसं वाचतात, याचं याहून स्पष्ट उत्तर नाही. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथींबाबतही हेच. काखेतल्या ग्रंथी काढल्यावर काहींचा हात सुजतो. म्हणून आता स्तनाची लसीका जिथे सर्वांत आधी येते ती एक-दोन ग्रंथी आधी तपासून मगच पुढचं ठरवतात.

निचरा बंद पडला की काय होतं, ते हत्तीरोगात दिसतं. घाण पाण्यात वाढणारे क्युलेक्स डास एका बारीक जंताच्या अळ्या माणसात सोडतात. मोठे झालेले जंत लसीका वाहिन्यांत वर्षानुवर्षं राहतात, वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात आणि पाय सुजत जातो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर हे त्याचे जुने भाग. जंताची पिल्लं रक्तात रात्रीच दिसतात, म्हणून तपासणीचं रक्तही रात्रीच घ्यावं लागतं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या रक्तपरीक्षणांवर अनेक वर्षं संशोधन झालं. २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली. सुजलेला पाय औषधाने पूर्ववत होत नाही, पण रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवून, भेगांवर मलम लावलं तर वारंवार येणारा ताप आणि वाढणारी सूज खूप कमी होते. ज्या घरात असा माणूस आहे, त्या घराने या पुस्तकातलं ते प्रकरण आधी वाचावं.

शेतकरी वाचकाला गोठ्यातही हाच नियम सापडेल. संकरित गाय खायची थांबली, ताप चढला आणि खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी झाली, की पशुवैद्याला आधी गोचीड-तापाची शंका येते. २०२२ मध्ये लंपी पसरला, तेव्हा जनावरांच्या अंगावरच्या गाठींसोबत खांद्यापुढच्या ग्रंथीही सुजत होत्या. जळोचीच्या बाजारात जनावर घेताना दात बघतात, कास बघतात. खांद्यापुढे आणि मांडीपुढे एकदा हात फिरवायला काही लागत नाही.

शरीरशास्त्रात सगळं कळून चुकलं, असं म्हणण्याचा काळ कधीच येत नाही. मेंदूत लसीका वाहिन्या नसतात, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात आणि फिनलंडमध्ये झालेल्या स्वतंत्र संशोधनांत, उंदरांच्या मेंदूच्या आवरणात लसीका वाहिन्या असल्याचं दिसलं. स्मृतिभ्रंशासारख्या आजारांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी तिथून एक नवी वाट उघडली. हे पुस्तक वाचून एखाद्या मुलीला त्या वाटेने जावंसं वाटलं, तर लेखिकेच्या कष्टांचं चीज होईल.

वाचकाला एवढंच सांगतो. पुस्तक सरळ पहिल्या पानापासून वाचा, पण प्रकरणांच्या शेवटी दिलेले मुलखांचे नकाशे पुनःपुन्हा पाहा. गाठ हाताला लागली की स्वतःला दोन प्रश्न विचारा: हिचा मुलूख कुठला, आणि त्या मुलखात जखम, पुरळ, किडलेला दात, घसादुखी असं काही आहे का? असेल तर आधी त्यावर उपचार करा. गाठ दोन-तीन आठवड्यांत लहान होत जाते. कारण सापडलं नाही, गाठ तेवढ्या दिवसांत कमी झाली नाही, ती दगडासारखी कडक किंवा जागेवर रुतलेली वाटली, हंसळीच्या वर आली, किंवा सोबत वजन उतरणं, रात्री घामाने अंग भिजणं, रेंगाळणारा ताप असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि सुईने तपासायचं म्हटलं तर नाही म्हणू नका. सुई लावल्याने गाठ चिघळून कर्करोग पसरतो ही समजूत चुकीची आहे. तिच्यापायी गेलेले महिने मात्र परत मिळत नाहीत. आशाताईंनी, शिक्षकांनी आणि आयांनी एवढं जरी मनाशी धरलं, तरी आमच्या तालुक्यातले कितीतरी लोक वेळेत दवाखान्यात पोचतील.

जळोची, ता. बारामती